इंग्लंडच्या स्टोक रो गावात काशीच्या महाराजांची विहीर, कोणी पाहून आलंय का?

परळची_लेक:

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त रेडिंगला आहे आणि या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन मी त्याच्याकडे चाललेय, तीन आठवड्यांसाठी. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आईचं मेतकूट आणि भाजणी दळून झाली, प्रश्न फक्त बाबांचा आहे. बाबा महापालिकेच्या पाणी खात्यात ३२ वर्षं चावीवाले होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, रस्त्यात जी छोटी लोखंडी झाकणं असतात त्याच्या खाली व्हॉल्व्ह असतो, तो लांब दांड्याच्या चावीने फिरवून ठरलेल्या वेळेला एकेका गल्लीचं पाणी सोडायचं आणि ठरलेल्या वेळेला बंद करायचं, ते काम. पहाटे तीनला घरातून निघायचे. अशा माणसाला लंडनचा राजवाडा, मेणाचे पुतळे, मोठा पाळणा यातलं काहीच बघायचं नाहीये. "तुम्ही जा, मी तिथे येऊन करू काय" हे रोज एकदा तरी होतंच.

परवा भाऊ फोनवर म्हणाला की त्याच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर स्टोक रो नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे, वर घुमट आणि आत सोनेरी हत्ती. मला पटेचना. मग त्याने फोटो पाठवला. हिरवीगार झाडं, इंग्लिश गाव, आणि मध्ये आपल्याकडच्या छत्रीसारखी छत्री. फोटो बघून बाबा पहिल्यांदा गप्प बसले आणि मग चष्मा पुसून परत बघितला.

भावाला तिथल्या कोणीतरी सांगितलेली एक गोष्ट आहे, की त्या भागात पूर्वी पाण्याचे इतके हाल होते की घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवलं होतं, आणि ते ऐकून महाराजांनी विहीर दिली. हे खरं आहे का? कारण मी ते ऐकलं आणि मला आमच्या चाळीची मोरी आठवली. ८६-८७ साल असेल, पाणी पहाटे साडेचारला यायचं ते पाऊण तास, आणि हाच भाऊ चार वर्षांचा असताना झोपेत धडपडला आणि भरलेली कळशी लवंडली. आईने त्याला असा काही हाणला, आणि मग त्याला पोटाशी धरून स्वतःच रडत बसली. बाबा तेव्हा दुसऱ्यांच्या गल्लीत पाणी सोडत होते. आमच्या घरात ही गोष्ट कोणी काढत नाही, पण कोणी विसरलेलंही नाही.

तर विचारायचं असं की ही विहीर खरंच बघण्यासारखी आहे का, ७८ वर्षांच्या माणसाला नेता येईल का, गुडघे दुखतात त्यांचे, आणि काशीच्या राजाचा त्या गावाशी नेमका संबंध आला कुठून? एक पोस्टकार्डाएवढं गाव, तिथे बनारस कसं पोचलं? कोणी गेलं असेल तर सविस्तर लिहा, मी बाबांना वाचून दाखवणार आहे.

रेडिंगवासी:

ताई, बाबांना नक्की न्या, डोळे झाकून न्या. मी मूळचा डोंबिवलीचा, इकडे येऊन बरीच वर्षं झाली, दोनदा गेलोय स्टोक रोला. गुडघ्यांची काळजी नको, विहीर रस्त्यालगतच सपाट जागेत आहे, तिकीटबिकीट काही नाही. गाव ऑक्सफर्डशायरमध्ये, चिल्टर्न नावाच्या टेकड्यांवर. लंडनहून कोणाला जायचं असेल तर पॅडिंग्टनहून रेडिंगची ट्रेन अर्ध्या तासाच्या आत पोचवते, पुढे गाडी किंवा टॅक्सी केलेली बरी.

आता गोष्ट. त्या मुलाची गोष्ट गावात तशीच सांगतात जशी तुमच्या भावाने ऐकली. मधला दुवा आहे एडवर्ड अँडर्डन रीड नावाचा माणूस. हा शेजारच्या इप्सडेन गावचा, कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात गेला, तेव्हाच्या वायव्य प्रांतात म्हणजे आजच्या यूपीकडे मोठमोठ्या हुद्द्यांवर होता. १८३१ मध्ये त्याने आझमगढला लोकांसाठी एक विहीर खणवली होती. काशीचे महाराज ईश्वरी प्रसाद नारायण सिंह आणि तो यांची चांगली ओळख, आणि बोलता बोलता रीडने आपल्या गावाकडची दशा त्यांना सांगितलेली, की आमच्या टेकडीवर उन्हाळा कोरडा गेला की लोक डबक्यातलं गढूळ पाणी पितात आणि पाणी प्यायलं म्हणून पोराला मार बसतो. रीड १८६० मध्ये निवृत्त होऊन घरी परतला. महाराजांच्या मात्र ते डोक्यात राहिलं होतं. या माणसाने आमच्याकडे विहीर दिली, तर त्याच्या मुलखात आपण एक देऊ, असं त्यांनी कळवलं आणि जागा निवडायचं काम रीडवरच सोपवलं. त्याने स्टोक रो निवडलं.

खोदाई सुरू झाली १० मार्च १८६३ ला. त्या दिवशी इंग्लंडच्या युवराजाचं लग्न होतं, तो मुहूर्त साधला. आणि विहीर लोकांसाठी उघडली २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी. तुम्ही मे मध्येच येताय तर बघा ती तारीख जमते का. एकूण खर्च आला ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स, पार पेन्सपर्यंतचा हिशोब आजही गावात सांगतात.

आता जो आकडा बाबांना आवडेल तो सांगतो. खोली ३६८ फूट. रुंदी फक्त ४ फूट. सगळी हाताने खणलेली. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल ३६५ फूट उंच आहे, म्हणजे ते उलटं करून आत सोडलं तरी तळाला टेकणार नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ३५-३६ मजली टॉवर जमिनीत गाडल्यासारखा. वर लोखंडी खांबांवर घुमट आहे, जमिनीपासून साधारण २३ फूट, आणि त्याखाली दातेरी चाकांचा रहाट आणि त्याच्यावर उभा सोनेरी हत्ती. हे यंत्र जवळच्याच वॉलिंगफर्ड गावच्या वाइल्डर यांच्या कारखान्यातलं. दोन बादल्या होत्या, एक वर येताना दुसरी खाली जायची, एकेक ९ गॅलनची म्हणजे ४० लिटरच्या आसपास, आणि भरलेली बादली वर यायला १० मिनिटं लागायची. दहा मिनिटं हँडल फिरवत उभं राहायचं एका बादलीसाठी! तरी ते पाणी फुकट आणि स्वच्छ होतं म्हणून आजूबाजूचे लोकही यायचे. गावात नळ येईपर्यंत सत्तरएक वर्षं हीच विहीर चालली.

मला स्वतःला विहिरीपेक्षाही जास्त भावली ती तिच्या मागची बाग. नुसती विहीर देऊन महाराज थांबले नाहीत, पुढे तिची देखभाल कोण करणार याचाही विचार त्यात आहे. शेजारी जमीन घेऊन तिथे चेरीची झाडं लावली, त्या बागेला नाव ईश्री बाग, आणि चेरी विकून येणाऱ्या पैशातून विहिरीचा खर्च निघायचा. राखणदाराला राहायला विहिरीला लागूनच छोटंसं घर बांधलं. बागेत माशाच्या आकाराचं तळं खणलं, कारण मासा हे महाराजांच्या घराण्याचं चिन्ह. आपल्याकडे देवळाच्या दिवाबत्तीसाठी इनाम जमीन लावून देतात ना, अगदी तेच, फक्त देवळाच्या जागी विहीर. हे डोकं पूर्णपणे आपल्याकडचं आहे.

आणि महाराजांनी हे गाव कधीच पाहिलं नाही. त्यांचा सगळा राबता रामनगरच्या किल्ल्यात. पण गावाशी त्यांनी संबंध ठेवला. १८८२ मध्ये राणीवर गोळी झाडली गेली आणि ती वाचली, तेव्हा महाराजांनी आपल्या खर्चाने स्टोक रोच्या लोकांना जेवण घातलं.

खडकातलं_पाणी:

वा, काय धागा आहे. मी बोअरवेलच्या कामात असतो म्हणून दोन गोष्टी सांगतो, बाबांना त्या बाजूने रस वाटेल.

टेकडीवर पाऊस पडत असून पाणी का नाही, याचं कारण खडक. चिल्टर्नच्या टेकड्या चॉकच्या, म्हणजे पांढऱ्या मऊ चुनखडीच्या. तिच्यात इतकी बारीक छिद्रं आणि भेगा की पावसाचं पाणी वर टिकतच नाही, सरळ खाली झिरपत जातं आणि खूप खोल जाऊन साठतं. त्यामुळे दरीतल्या गावांना झरे आणि टेकडीवरच्यांना ठणठणाट. स्टोक रोला चॉकच्या वर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे, त्या मातीत डबकी साचतात आणि लोक तेच पाणी प्यायचे. आपल्या सह्याद्रीत उलटं, काळा कातळ असतो, पाणी आत शिरायलाच जागा कमी, सगळं वाहून जातं, आणि चार महिने धो धो पाऊस झेलूनही शहापूर-मोखाड्याच्या बायका मार्चनंतर हंडे घेऊन डोंगर उतरतात. खडक वेगळा, पण हाल तेच.

दुसरं म्हणजे आपल्याकडे याला विहीर नाही म्हणणार, आड म्हणतील. चार फुटी तोंड, पायऱ्या नाहीत, सरळसोट खाली. चार फुटांत एका माणसाला कुदळ मारायलाही नीट जागा मिळत नाही, कोपर भिंतीला लागतं. आणि ३६८ फूट खाली म्हणजे वरचं तोंड नाण्याएवढं दिसत असणार. हवा कोंडते, वरून खडा पडला तरी गोळीसारखा लागतो. आमच्या मशीनला हीच खोली दोन दिवसांचं काम आहे, तिथे हाताने खणायला वर्षभर लागलं यात नवल नाही. ज्यांनी ते खणलं त्यांना माझा नमस्कार.

दादरकर_७१:

धागा वाचून चांगलं वाटलं पण एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहिली नाही, आणि ती इथे लिहायलाच हवी. १८५७ मध्ये हेच काशीचे महाराज इंग्रजांच्या बाजूला उभे होते. त्याच काशीत जन्मलेली मणिकर्णिका झाशीसाठी लढता लढता गेली, आणि पाच-सहा वर्षांत इकडचा पैसा इंग्लंडच्या गावात विहीर खणायला गेला. तो पैसा कोणाचा, रयतेचाच ना. विहीर उघडल्यावर दोनच वर्षांनी ओरिसात दुष्काळ पडला, १० लाखांच्या आसपास माणसं मेली. आपल्या दख्खनचा १८७६ चा दुष्काळ तर अजून पुढे. इकडे घसा कोरडा असताना तिकडे पाणपोई घालायची हे मला अजून पचत नाही. राणी वाचली म्हणून जेवणावळ, हे तर निव्वळ राजनिष्ठेचं प्रदर्शन. ताई, तुमच्या बाबांनी जरूर बघावी, राग अजिबात नाही, पण बघताना हेही माहीत असावं एवढंच म्हणणं.

परळची_लेक:

रेडिंगवासी, खडकातलं_पाणी, दोघांचे मनापासून आभार. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ३६८ फुटांना बाबा म्हणाले "परत वाच." परत वाचलं.

दादरकरकाका, तुमचंही वाचून दाखवलं, शब्द न गाळता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे, पण मी पाणी सोडताना त्या गल्लीत कोण राहतं हे कधी विचारलं नाही." यावर वाद घालायचा नाहीये काका, तुम्ही लिहिलंत ते चूक नाही, ते काय म्हणाले तेवढं सांगितलं.

फोर्टातला_फिरस्ता:

दादरकर, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. राजनिष्ठा होतीच, ती कोणी लपवलेलीही नाही, तारखा बघा ना, युवराजाचं लग्न आणि राणीचा वाढदिवस. पण मला याच्याकडे मुंबईतून बघावंसं वाटतं, कारण ही एकटी विहीर नाहीये, त्या दहा वर्षांत इकडून तिकडे पाणी देण्याची एक लाटच आली होती आणि त्यात आपली मुंबई आहे.

ताई, लंडनला एक दिवस जाणारच असाल तर रीजंट्स पार्कमध्ये जा. ब्रॉड वॉक नावाची मोठी पायवाट आहे, तिच्यावर गुलाबी ग्रॅनाइट आणि संगमरवराची एक मोठी प्याऊ आहे, चार बाजूंची, उंच टोकाची. ती १८६९ मध्ये दिली मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. हो, तेच रेडीमनी, ज्यांच्या दानातून आपल्या युनिव्हर्सिटीचा कॉन्व्होकेशन हॉल उभा राहिला. त्या प्याऊवर कोरलंय की ब्रिटिश राज्यात पारशी बांधवांना जे संरक्षण मिळालं त्याबद्दल कृतज्ञता म्हणून ही भेट. त्याच्या दोन वर्षं आधी विजयनगरमच्या महाराजांनी हाइड पार्कमध्ये अशीच एक प्याऊ दिली होती, ती १९६४ मध्ये काढून टाकली. रेडीमनींची मात्र अजून उभी आहे.

दुसरी गोष्ट, जी मला तारखा लावताना लक्षात आली आणि मी खुर्चीतून उठलोच. मुंबईत १८५४ ला पाऊस दगा देऊन गेला आणि पाण्याचा दुष्काळ पडला. मग विहारचं धरण बांधायला घेतलं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं. पुढे तुळशी, मग १८९२ ला तानसा. म्हणजे स्टोक रोला पहिली कुदळ पडली तेव्हा मुंबईत नळाला पाणी येऊन तीन वर्षं झाली होती! राजधानी लंडनपासून फार लांब नसलेलं एक गाव डबक्यातलं पाणी पीत होतं आणि इकडे विहारचं पाणी मुंबईच्या रस्त्यांखालून वाहत होतं. सगळ्या मुंबईला मिळत होतं असं नाही, पण तरी. साहेबाच्या देशात सगळीकडे सुबत्ता होती असं आपण धरून चालतो, ते किती खोटं आहे बघा. तिथल्या गरिबाला कोण विचारत होतं? त्याच्यासाठी विहीर खणायचं तिथल्या कोणा जमीनदाराला नाही सुचलं, ते सुचलं रामनगरच्या किल्ल्यात बसलेल्या माणसाला.

आणि जायच्या आधी बाबांना एकदा चर्चगेटला न्या, क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर भिखा बेहराम विहीर आहे, १७२५ ची. एका पारशी गृहस्थाने वाटसरूंसाठी खणलेली, समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं लागलं. पारशी लोक तिथे प्रार्थना करतात, आत बाकीच्यांना जाता येत नाही, पण बाहेरून रंगीत काचांची छत्री दिसते. आणि मस्जिद बंदरला भात बाजारात केशवजी नाईक यांची प्याऊ आहे, १८७६ ची, वर घड्याळाचा मनोरा. घुमट, छत्री, कोरीव खांब, त्यात पाणी. या दोन्ही बघून मग स्टोक रोचा घुमट बघितला तर तो परका वाटणार नाही, आपल्याच गल्लीतला कोणीतरी लांब जाऊन राहिल्यासारखा वाटेल.

महाडकडचा:

मी सहसा लिहीत नाही, वाचतो फक्त. पण त्या मार खाल्लेल्या पोराच्या गोष्टीने राहवलं नाही.

इप्सडेनच्या त्या पोराला मार बसला कारण घरात पाणी नव्हतं. माझ्या आजोबांच्या पिढीत मार बसायचा तो पाणी भरपूर असताना. तळं काठोकाठ भरलेलं, गुरंढोरं पाणी पितायत, आणि आपल्या माणसाने ओंजळ भरली की काठी. स्टोक रोची विहीर उघडली १८६४ ला म्हणता, त्याच्या चार वर्षांनी १८६८ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला. त्याला ना ३६८ फूट खणावं लागलं, ना यंत्र लागलं. दार उघडायचं होतं फक्त, आणि ते जास्त अवघड होतं.

मुंबईचा संबंध यातही आहे. सिद्धिविनायकाला जाताना ज्या एस. के. बोले रोडवरून आपण जातो, ते सीताराम केशव बोले. त्यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की सरकारी पैशातून चालणारी पाणवठ्याची ठिकाणं, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या असाव्यात. ठराव झाला, पण कागदावर राहिला. तो कागद खरा करायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. पुढे दावा चालला तो १९३७ पर्यंत, मुंबई हायकोर्टात निकाल लागेपर्यंत. दहा वर्षं, ओंजळभर पाण्यासाठी.

दादरकरांनी राजाच्या राजकारणाचं लिहिलं ते मला पटतं. तरी मला त्या विहिरीची एक गोष्ट फार मोठी वाटते, ती सगळ्यांना होती. गावातल्या शेतमजुराला पण आणि पाद्र्याला पण, एकाच बादलीतून. काशीच्या राजाने काशीत ते केलं असतं का, हा प्रश्न मला सोडत नाही. ताई, तुमचे बाबा गल्लीत कोण राहतं हे विचारायचे नाहीत, हे वाचून मी थांबलो आणि दोनदा वाचलं. त्यांना माझा जय भीम सांगा.

रेडिंगवासी:

महाडकडचा, तुमच्यानंतर काही लिहायचं धाडस होत नाही, पण ताईंसाठी एक राहिलेलं सांगतो.

नळ आल्यावर विहीर पडून राहिली होती. मग १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ हिंदुस्थान दौऱ्यावर गेली तेव्हा काशीच्या महाराजांकडून तिला या विहिरीची हस्तिदंती छोटी प्रतिकृती भेट मिळाली आणि शताब्दी जवळ आल्याची आठवणही. १९६४ ला विहीर दुरुस्त करून रंगवली, शंभर वर्षांच्या सोहळ्याला प्रिन्स फिलिप स्वतः आले, काशीहून गंगेचं पाणी आणलं होतं ते विहिरीच्या पाण्यात मिसळलं. आता एक ट्रस्ट ती सांभाळतो. गाव अगदी छोटं आहे, चर्च, शाळा, दोन पब, दुकान. पूर्वी इथे खुर्च्यांचे पाय आणि तंबूच्या लाकडी मेखा बनवायचे, बीच झाडाचं लाकूड भरपूर म्हणून. तासाभरात सगळं बघून होतं. पण बागेत जरा बसा.

वेळ असेल तर इप्सडेनलाही चक्कर मारा, गाडीने जवळच आहे, रीडचं गाव. तिथल्या चर्चजवळही एक छोटी विहीर आहे, तीसुद्धा हिंदुस्थानातून आलेल्या दानातली.

दादरकर_७१:

महाडकडचे, तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं बोललात. मी पैसा कोणाचा यात अडकलो होतो. रेडीमनींच्या प्याऊचं मला माहीत नव्हतं, इतकी वर्षं फोर्टात नोकरी करून. माझा मूळ मुद्दा मी मागे घेत नाही, पण ताई, बाबांनी जाऊन आल्यावर इथे चार ओळी नक्की लिहा, मी वाट बघेन.

परळची_लेक:

सगळ्यांना काय उत्तर देऊ. महाडकडचा, तुमचा जय भीम पोचवला. बाबांनी हात जोडले आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग आत येऊन आईला एवढंच म्हणाले की त्या दिवशी मी घरी असायला हवं होतं. आईने विचारलं कुठल्या दिवशी, आणि तिला न सांगताच कळलं. ३८-३९ वर्षांनी आमच्या घरात त्या कळशीवर पहिल्यांदा बोललो आम्ही.

रविवारी भिखा बेहराम विहीर बाहेरून बघून आलो, फिरस्ता तुमच्यामुळे. बाबा कठड्यापाशी उभं राहून रस्त्यावरच्या झाकणांकडेच जास्त बघत होते, कुठली लाइन कुठून जाते ते सांगत होते.

आणि काल रात्री माझ्या मुलाच्या वहीचं मागचं पान घेऊन हिशोब मांडून बसले. दहा मिनिटांना एक बादली, म्हणजे तासाला सहा, ४० लिटरने २४० लिटर. माणूस दहा तास न थांबता फिरवत राहिला तर २४०० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्या हिशोबाने हे पाणी फक्त १८ माणसांना पुरेल. "आणि अख्खं गाव यावर सत्तर वर्षं जगलं. म्हणजे माणशी एक कळशी पण नसेल. आणि वर खेचणाऱ्याचे खांदे बघ." मग म्हणाले आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, इथे आडात होतं पण पोहरा वर येईपर्यंतच माणूस अर्धा व्हायचा.

आता त्यांचा एक प्रश्न आहे, तुमच्यासाठी, तो जसाच्या तसा लिहायला सांगितलाय. "भरलेला पोहरा दोनशे फुटांवर असताना फिरवणाऱ्याचा हात सुटला तर हँडल उलटं गरगर फिरणार आणि माणसाचा हात मोडणार. ते होऊ नये म्हणून चाकाच्या दात्यात अडकणारी खिट्टी होती का? फोटोत हत्तीच्या खाली काहीतरी दिसतंय पण नीट कळत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा. नाहीतर राहू द्या, मीच जाऊन बघतो."

तिकिटं दोन दिवस अलीकडे घेतली आहेत, २४ मे ला स्टोक रोला असू.